नव्वद सेकंदांचा मंत्र

शिवण-विभागाच्या भिंतीवर, छतालगत, बाहेरची हवा आत सोडणारी एक लोखंडी जाळी होती. तिला कोणीतरी पातळ कागदाची बोटभर रुंद पट्टी बांधली होती. हवा येते की नाही ते कळावं म्हणून. मंगळवारी मी दारात उभी राहिले तेव्हा ती पट्टी सरळ खाली लोंबत होती. तीन वाजून पाच मिनिटांनी तिचं खालचं टोक थरथरलं. आणखी दहा सेकंदांनी पट्टी जाळीपासून दोन बोटं दूर झाली. त्यानंतर पुरत्या दहा सेकंदांनी वाराबाबांनी दोन्ही हात वर फेकून गर्जना केली, "ये! वाऱ्या, ये!"

वाऱ्याने बाबांच्या हाकेची वाट पाहिली नव्हती. तो आधीच निघाला होता. पण जाळीकडे बघणारी मी एकटी होते. बाकीच्या शंभर बायका बाबांकडे बघत होत्या.

"आला! आला!"

घामाने कपाळाला चिकटलेले केस उडाले. कापडाच्या चिंध्या जमिनीवर पळू लागल्या. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या. बाबांनी दाढीवरून हात फिरवला.

"वारा म्हणजे माझा सासरा," ते म्हणाले. "जावयाने हाक मारली की सासऱ्याला यावंच लागतं. उशीर केला तर मी रुसतो. आणि मी रुसलो तर?"

"नको बाबा, रुसू नका!"

"मग हिला धरा."

काजं करणारी एक पोरगेलीशी बाई मध्ये गुडघ्यांवर बसवलेली होती. दोघींनी तिचे केस मागे ओढून धरले. बाबांची वेताची छडी तिच्या पाठीवर बसली. आवाज ओलं कापड आपटल्यासारखा होता.

"कोण आहेस? बोल! नाव सांग!"

तिने स्वतःचं नाव सांगितलं. ते चालणार नव्हतं. पुन्हा छडी बसली. तिने कुठल्यातरी मेलेल्या आत्याचं नाव घेतलं, तेव्हा बाबा थांबले. ब्लाउजवर रक्ताच्या तीन रेघा उमटल्या होत्या.

मी पुढे झाले. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊजींनी, आडवा हात घातला. ह्या आठ मजली कारखान्याचे दिवे, लिफ्ट आणि हवेची यंत्रं तेच सांभाळत. त्यांच्या दुसऱ्या हातात फोन होता.

"तुझं सायन्स घरी ठेव," ते हळूच म्हणाले. "इथे बायका पटापट पडतायत. तुझ्या मीटरने उठणार आहेत का त्या?"

तेवढ्यात बाबांची छडी गर्दीवरून फिरत फिरत एका जागी थांबली. "हिची बाधा उतरली. पण ही फांदी होती. मूळ ते उभं आहे!"

मूळ म्हणजे माझी ताई. ती ह्याच मजल्यावर शिवलेला माल तपासायची.

"शुक्रवारी, ह्याच वेळी. अकरा छड्या."

ताईने खाली बघितलं नाही. तिने भाऊजींकडे बघितलं. भाऊजी फोनकडे बघत होते.

*

दीड महिन्यापासून त्या मजल्यावर बायकांची डोकी दुखत होती. दुपारनंतर डोळ्यांवर झापड यायची, मळमळायचं. मग एक बाई शिवणयंत्रावरच कोसळली. दुसऱ्या दिवशी दोघी कोसळल्या. इस्त्रीवाली मावशी, कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई, चक्कर येऊन पडली ती तापलेल्या इस्त्रीवर. तिचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. त्यानंतर भीतीने निम्मं काम केलं. शेजारची पडली की हिलाही गरगरायचं.

बाबांना कोणी आणलं, तर भाऊजींनी. मंगळवार आणि शुक्रवार ठरले. बाबा आले की वारा येई, डोकी हलकी होत, बायका कामाला बसत. मॅनेजरसाहेबांना आणखी काय हवं?

एकट्या ताईने भर जेवणाच्या सुट्टीत म्हटलं होतं, "बाधाबिधा काही नाही. आमच्या ह्यांनी यंत्रात हात घातला त्या दिवसापासून हे चाललंय." चौथ्या दिवशी बाबांच्या छडीला मूळ सापडलं.

अकरा वर्षं भाऊजी ताईवर हात उचलत आले होते. मी तीनदा रिकामी बॅग घेऊन तिच्याकडे गेले होते. तीनदा ती म्हणाली होती, "पोरीची परीक्षा होऊ दे, मग बघू." पोरीच्या परीक्षा दर वर्षी होत होत्या.

"शुक्रवारी कामावर जाऊ नकोस," मी म्हटलं.

"नाही गेले तर ते म्हणतील, मूळ पळालं. मग घरी येऊन उपटतील. त्यापेक्षा तू तुझी यंत्रं घेऊन ये. मला एकदा कळू दे, मी खरी की हे खरे."

इमारतींमधली मोजमापाची यंत्रं तपासणं हे माझं काम. मॅनेजरांची परवानगी मिळेपर्यंत शुक्रवारची सकाळ उजाडली. "बघा हवं तर," ते म्हणाले, "पण गडबड नको."

मी आधी हवा मोजली. आपण उच्छ्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड बाहेर रस्त्यावर दहा लाख भागांत सव्वाचारशे होता. शिवण-विभागात चौतीसशे. हे विष नव्हे. पण खिडक्या कायमच्या बंद काचेच्या, शंभर माणसं, वीस इस्त्र्या, आणि गारव्याची यंत्रं आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतायत, असं असेल तर डोकं दुखायला भूत लागत नाही.

मग मी खोलीच्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडून तिथल्या तारेला लॅपटॉप जोडला.

अशा इमारतीत प्रत्येक यंत्राजवळ एक छोटा डबा असतो. दिव्यांचा वेगळा, लिफ्टचा वेगळा, हवेच्या झडपेचा वेगळा. हे डबे एका तारेवरून एकमेकांशी बोलतात. वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेल्या डब्यांना एकमेकांचं कळावं म्हणून बोलण्याचे नियम ठरवलेले असतात. त्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. इथले नियम जुने आणि साधे होते. एकाने तारेवर विचारायचं, "कोण आहे?" ज्याने त्याने उत्तर द्यायचं, "मी आहे, माझा क्रमांक अमुक." छडी लागत नाही.

हुकमांचा नियम थोडा निराळा. प्रत्येक झडपेला सोळा पायऱ्या असतात. कोणताही हुकूम ह्यांतल्या एका पायरीवर ठेवायचा, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवरचा हुकूम चालतो. रोजचं वेळापत्रक तळाच्या सोळाव्या पायरीवर बसतं. माणसाने हाताने दिलेला हुकूम आठव्या पायरीवर. आगीचे हुकूम अगदी वर. ज्याने हुकूम ठेवला त्याने तो आठवणीने उचलायचा. नाही उचलला तर तो तिथेच बसून राहतो, आणि खालचं वेळापत्रक रोज सकाळी "उघड" म्हणत असलं तरी झडप ऐकत नाही. आणि हुकूम देणाऱ्याला "तू कोण मला सांगणारा?" असं झडप कधीही विचारत नाही. तारेपर्यंत जो पोचला तो मालक.

मी तारेवर विचारलं, कोण आहे? नकाशाप्रमाणे एकेचाळीस उत्तरं यायला हवी होती. बेचाळीस आली.

शिवण-विभागाच्या, म्हणजे ह्या पाचव्या मजल्याच्या, ताज्या हवेच्या झडपेवर, आठव्या पायरीवर, एक हुकूम बसला होता: बंद. झडपेच्या नोंदींत ती दीड महिन्यापूर्वी, सकाळी अकरा वीसला बंद झालेली दिसत होती.

"त्या दिवशी बाहेरची भिंत घासत होते," ताई म्हणाली. "धूळ आत येत होती. मीच ह्यांना म्हटलं, जरा वेळ हवा बंद करा. संध्याकाळी परत उघडायला सांगितलं, तर म्हणाले, मला अक्कल शिकवू नकोस."

झडप बंद केली आणि हुकूम उचलायचा राहिला. ही चूक मी चार इमारतींत पाहिली आहे. कबूल केली तर पाच मिनिटांत निस्तरते. पण नोंदी पुढे आणखी काही सांगत होत्या. मावशीचा हात भाजल्यानंतरच्या आठवड्यापासून, दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन वाजून चार मिनिटांनी ती झडप उघडत होती आणि वीस मिनिटांनी पुन्हा बंद होत होती. म्हणजे चूक कळली होती. ती सांगायच्या ऐवजी तिला दाढी चिकटवली होती.

झडपेची मोटर सावकाश चालते. पूर्ण उघडायला तिला दीड मिनिट लागतं. बाबांचा मंत्र मी मंगळवारी घड्याळ लावून मोजला होता. नव्वद सेकंद.

मॅनेजरांना सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला. "आत्ताच उघडलीत तर तो सावध होईल. लिफ्ट बंद पाडेल, काय वाटेल ते करेल. चार तासांचा प्रश्न आहे. बायकांच्या डोळ्यांसमोरच होऊ दे."

मला ते पटलं. ती माझी पहिली चूक.

*

तीन वाजता पडदे ओढले. ताई मध्ये उभी राहिली. गुडघ्यांवर बसायला तिने नकार दिला. मी कपाटाजवळ होते. पाचव्या पायरीवर मी माझा हुकूम ठेवला होता: बंद. आता आठव्या पायरीवरून कोणी काहीही म्हटलं तरी झडप हलणार नव्हती.

बाबांनी मंत्र सुरू केला. भाऊजींचा अंगठा फोनवर हलला. तीस सेकंद. साठ. पट्टी लोंबत राहिली. नव्वद.

"ये! वाऱ्या, ये!"

काहीच झालं नाही. कोणीतरी खोकलं. बाबांनी घसा साफ करून मंत्र पुन्हा म्हटला, ह्या वेळी घाईने. भाऊजी फोनवर अंगठा आपटत होते.

"सासरेबुवा गावाला गेले वाटतं," मागून एक बारीक आवाज आला. एकदोघी हसल्या.

माझं शिक्षण असं की भाकीत चुकलं की सिद्धान्त पडतो. मी निवांत उभी होते. ती माझी दुसरी चूक, आणि ती फार महाग पडली.

"अडवलाय!" बाबा किंचाळले. "हिने वारा अडवलाय! बघता काय? गुदमरून मराल सगळ्या!"

पहिला हात भाऊजींचा पडला. तो सवयीचा होता, नेमका कानाखाली बसला. ताई हेलपाटली. मग गर्दी आत घुसली. ज्या बायका रोज तिच्या डब्यातलं खात, त्यांनीच तिला केसांनी ओढलं. एकीने लाकडी फूटपट्टीने तोंडावर मारलं. कोणी कंबरेत लाथ घातली. ताई पडली. उठायला हात टेकला, त्यावर एका स्टुलाची कड आली. हाड मोडल्याचा आवाज मी त्या कोलाहलातही ऐकला. सुकलेली काटकी मोडावी तसा.

मी ओरडले. माझा आवाज लहान आहे. मी दोघींना मागे ओढलं, तिसरीचं कोपर माझ्या ओठावर बसलं. तोंडात रक्त आलं. तेव्हा मी मागे फिरले, कपाटाशी धावले आणि लॅपटॉपवरून सगळे दिवे बंद केले.

मिट्ट काळोख. लावले. बंद केले. पुन्हा लावले.

सगळ्या जागच्या जागी थिजल्या. कोणीतरी हात जोडले.

"हात जोडू नका!" मी म्हटलं. आता ऐकू येत होतं. "हे मी केलं. वारासुद्धा मीच अडवला. ताईने नाही. मारायचं तर मला मारा, पण आधी एक काम करा. मावशी, इकडे या."

इस्त्रीवाली मावशी भाजका हात छातीशी धरून पुढे आली. "मला कशाला मध्ये ओढतेस ग?"

"हे बटण दाबा."

"नको बाई, करंट बसेल."

"नाही बसत. दाबा."

मावशीने डाव्या हाताच्या करंगळीने बटण दाबलं. दिवे गेले. "अगं बाई!" काळोखातून तिचा आवाज आला. पुन्हा दाबलं, दिवे आले. तिने स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

मी आठव्या पायरीवर पुन्हा 'बंद' ठेवलं, पाचव्या पायरीवरचा माझा हुकूम उचलला आणि आठव्या पायरीचा 'उघड' हा हुकूम तिच्यासमोर मांडला. "आता हे दाबा. आणि सगळ्यांनी नव्वद आकडे मोजा. बाबांकडे बघू नका. त्या कागदाच्या पट्टीकडे बघा."

मावशीने दाबलं. आधी ती एकटीच मोजत होती. वीसला पाठीवर रेघा असलेली काजवाली मोजू लागली. चाळीसला सगळ्या. सत्तरला पट्टीचं टोक थरथरलं. ऐंशीला पट्टी उचलली गेली. नव्वदला वारा शंभर तोंडांवर आला, आणि कोणीही मंत्र म्हटला नव्हता.

"म्हणजे," मावशी म्हणाली, "आता मी वाऱ्याची सून झाले म्हणायची."

कोणी हसलं नाही. भाऊजी दाराकडे सरकत होते.

"भाऊजी, तुमचा फोन बंद करा." त्यांनी केला नाही. मावशीने तो काढून घेतला आणि काजवालीकडे दिला. तिने बंद केला. मी सगळ्यांसमोर तारेवर विचारलं, कोण आहे? एकेचाळीस. फोन चालू करायला लावला. पुन्हा विचारलं. बेचाळीस. मग झडपेची नोंद मी मोठ्याने वाचली, अकरा वीसपासून.

मावशी ऐकत राहिली. मग भाजलेला हात भाऊजींच्या तोंडासमोर धरून तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "विसरला होतात होय?"

भाऊजींनी दाराकडे बघितलं.

"विसरला होतात तर सांगायचं होतं. मी काही खाल्लं असतं का तुम्हाला?"

आणि तिने डाव्या हाताने त्यांच्या थोबाडीत दिली.

तेवढं पुरलं. गर्दीने दिशा बदलली, वेग तोच ठेवला. बाबांची दाढी धरून त्यांना टेबलाखालून ओढलं. त्यांचीच छडी त्यांच्या पाठीवर फुटली. "नाव सांग! कोण आहेस? बोल!" त्यांनी खरंखुरं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, चुलत्याचं सांगितलं. एक दात फरशीवर पडला. एकीने इस्त्री उचलली. ती तापलेली होती.

मी बाबांच्या अंगावर आडवी झाले. शौर्य म्हणून नव्हे. दुसरं काही सुचलं नाही.

"ठेव ती खाली," मी म्हटलं. "मघाशी ताईला मारणारे हात हेच. तेव्हा बाबा म्हणाले म्हणून मारलं. आता मी म्हणाले म्हणून मारताय. मग फरक काय झाला? उद्या मी खोटं बोलले तर? मी शिकलेली आहे म्हणून माझंही खरं मानू नका. पट्टी बांधा, घड्याळ बघा, मोजा. जो मोजू देत नाही, त्याचं ऐकू नका. अंग दुखलं तर डॉक्टर आहे. हवा नसली तर झडप बघा. आणि कोणी माणसाकडे बोट दाखवून म्हणालं की ह्याला मारा, म्हणजे वारा येईल, तर त्या बोटाला आधी विचारा की हे तुला कसं कळलं. एवढंच. ह्याला देव लागत नाही आणि मीही लागत नाही."

इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला. काजवालीने तिची वायर काढली.

*

मॅनेजरांनी पोलिसांना बोलावलं. आता त्यात धोका नव्हता. पोलिसांत एक वयस्कर गृहस्थ होते. खुर्चीत बसून त्यांनी कागद काढला. ताई भिंतीला टेकून बसली होती. मोडलेल्या हाताला मी दोन फूटपट्ट्या बांधल्या होत्या. तिचा एक डोळा बंद झाला होता. ज्या बाईने स्टूल मारलं होतं ती शेजारी बसून तिला पाणी पाजत होती आणि हमसून हमसून रडत होती.

"बाबाची तक्रार घेतो," गृहस्थ म्हणाले. "फोनचं प्रकरणही घेतो. पण बाई, बाकीचं, म्हणजे नवऱ्याने मारलं वगैरे... घरातली गोष्ट आहे. आज तुम्ही रागात आहात. डॉक्टरकडे जा, झोपा, उद्या विचार करून सांगा."

भाऊजींचा ओठ सुजला होता. दोघा पोलिसांच्या मधून ते ताईला म्हणाले, "बरोबर सांगतायत साहेब. पोरगी शाळेतून येईल आता. दाराला कुलूप बघून घाबरेल. तिला काय सांगणार आहेस? चल, जे झालं ते झालं."

ताई गप्प होती. हे गप्प राहणं मला पाठ होतं. ह्यानंतर ती "बघू" म्हणते. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं आणि लॅपटॉपची वायर गुंडाळू लागले.

"परीक्षा झाली का पोरीची?" भाऊजी म्हणाले. त्यांना वाटलं असावं की हा शब्द अजून चालतो.

ताईने पाण्याचा पेला बाजूला केला.

"साहेब, लिहा," ती म्हणाली. "उद्या नाही, आत्ता लिहा. अकरा वर्षं लिहा. पोरीला शाळेतून माझी बहीण आणेल. मी ह्या माणसाच्या घरी परत जाणार नाही."